पोथीच्या विहीणबाई

विहीणबाई, तुमचं चुकलंच. लेकीला माहेरी धाडायचे दिवस तोंडावर आलेले असताना विहिणीने असं न सांगता निघून जाणं आमच्याकडे बसत नाही. आषाढ संपत आला होता. मुराळी म्हणून तिला आणायला मीच जातो, त्यामुळे माझा पांढरा सदरा इस्त्रीला गेला होता, टेम्पोवाल्याला सांगून झालं होतं. आणि तुमच्या कचेरीतून फोन आला की रात्री झोपेतच तुमचं हृदय थांबलं. फोन करणारा बिचारा भला माणूस. मी त्याच्यावरच डाफरलो की असली थट्टा करू नये. मग तो रडायला लागला आणि मला गप्प बसावं लागलं.

हे कोणी तिसरं माणूस वाचेल, तर त्याला आपली सोयरीक कळायला हवी. तुम्हाला मुलगा नव्हता आणि मला मुलगी नाही. तुम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ संग्रह विभागाच्या प्रमुख, मी खेड्यातला निवृत्त प्राथमिक मास्तर. आपण व्याही-विहीण झालो ते एका पोथीपायी.

पोथी म्हणजे आमच्या गावदेवीचं माहात्म्य. मुरबाडच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव. पोथी हाताने लिहिलेली, ओवीबद्ध, लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, आणि सगळं तांबड्या बासनात गुंडाळलेलं. लिहिणाऱ्याने आपलं नाव कुठेही घातलेलं नाही. जगात तिची दुसरी प्रत नाही हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. तोवर आमची समजूत अशी की प्रत्येक गावाला अशी एक असतेच. श्रावणात देवळात तिचा सप्ताह बसतो, आणि वाचायचा मान आमच्या घराचा. माझा आवाज चांगला आहे हे मी स्वतः सांगू नये, पण तुम्ही कधी सांगितलं नाहीत म्हणून सांगतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी गावात कोणाला काही कल्पना नव्हती. शहापूर-मुरबाडकडची जुनी हस्तलिखितं कुठे काय आहेत ते बघत तुम्ही हिंडत होतात. राहायला आसनगावला, म्हणजे आमच्याच मुलखातल्या, पण एसटीतून उतरलात त्या पायात बूट, खांद्याला पिशवी आणि चेहरा परीक्षा घ्यायला आल्यासारखा. देवळाच्या माळ्यावरून पोथी काढली, बासन सोडलं, आणि तुम्ही ओरडलात, "हलवू नका! कोणी हात लावू नका!"

बाळाराम, माझा चुलतभाऊ, बाहेरून काठी घेऊन धावत आला. "कुठं हाय? कुठं हाय?" त्याला वाटलं जनावर निघालं. तुम्ही त्याला वाळवी दाखवलीत. ती बघून तो इतका हिरमुसला की काठी टेकवून तिथेच पायरीवर बसला.

मग देवळातच सभा झाली. पोथी इथे राहिली तर तुमच्या नातवंडांना नुसत्या फळ्या वाचायला लागतील, असं तुम्ही तोंडावर सांगितलंत. विद्यापीठाला द्या, आम्ही जपू. लोकांना ते पटलं. आपला सगळा घोळ झाला तो यापुढे. बाळारामने विचारलं, "आनि श्रावनात काय?" तुम्ही म्हणालात, "श्रावणात जरूर या. केव्हाही या. दार उघडंच आहे." तुमच्या मनात होतं, बघायला या. आम्ही धरलं, न्यायला या. तुम्ही दानपत्र पुढे केलंत, आम्ही खुशाल सह्या केल्या. आमच्याकडे लेक देतानाही दान हाच शब्द वापरतात, आणि ती दर श्रावणात माहेरी येते, यात कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

निघताना बायकांनी पोथीची ओटी भरली. साळूआत्या, गावातली सगळ्यांत जुनी बाई, पदर डोळ्यांना लावून तुम्हाला म्हणाली, "संभाळा गो बाय. आमची गुनाची हाय. तोंड वर करून बोलनार नाय." तुम्ही नारळ घेतलात, खण घेतलात, मान डोलावलीत. नंतर तुम्हीच मला कबूल केलंत की तेव्हा तुम्हाला वाटलं, या भागात पाहुण्यांना असंच वाटेला लावत असतील.

श्रावण आला तसे आम्ही टेम्पो करून विद्यापीठात हजर. टाळ, मृदंग, नव्या कापडात गुंडाळलेला पाट, तुमच्यासाठी साडी. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, कोणाला भेटायचंय. साळूआत्या म्हणाली, "लेकीला न्यायला आलोय." त्याने विचारलं, कुठल्या विभागात आहे. बाळारामने पाठ केलेलं सांगून टाकलं, दुर्मिळ संग्रह. त्या माणसाने तुमच्याकडे फोन लावून चौकशी केली म्हणे, की तुमच्यात ही मुरबाडची नवीन मुलगी कोण लागली आहे.

तुमच्या वाचनकक्षाच्या दारात पहिली आमची पेनं गेली. तिथे शाई चालत नाही, पेन्सिल घ्या. मास्तराच्या खिशातलं पेन काढून घेणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कधी कळलं नाही. मग टाळ-मृदंग बाहेरच्या कपाटात ठेवायला सांगितलेत. मृदंग कपाटात मावेना. तो वाजवणारा मृदंगाला सोडून आत येईना. शेवटी तो दाराबाहेर मृदंग मांडीवर घेऊन बसला आणि येणारे-जाणारे संशोधक त्याला नमस्कार करून आत जायला लागले.

आत मात्र बायका खूश झाल्या, हे मी तुमच्या बाजूने सांगतो. तुम्ही पोथी आणून टेबलावर ठेवलीत, तिच्याखाली मऊ उशी, खोलीत गार वारा, कुठे धुळीचा कण नाही. "गादी-उशी हाय गो लेकीला," आमची अनुसया म्हणाली. अनुसया म्हणजे माझी बायको. सगळ्या आळीपाळीने उशी दाबून बघायला लागल्या आणि तुम्ही हातमोजे घातलेले दोन्ही हात पसरून पोथीच्या पुढे उभ्या राहिलात. एकीने मात्र कुजबुज केली, "पन कोंडून ठेवलीय. बाहेर सोडत नसनार."

ते खरंच निघालं. तुम्ही सांगितलंत, ही आता विद्यापीठाची मालमत्ता आहे, इथून बाहेर जात नाही.

"मुलगी दिली म्हणून तिचं माहेर तोडता काय?" मी म्हणालो.

"कोणती मुलगी?" तुम्ही म्हणालात.

त्यावर जे भांडण झालं ते आपण पुढे कितीदा आठवून हसलो. पण त्या वेळी कोणी हसत नव्हतं. मी तुम्हाला कैदाशीण म्हणालो. तुम्ही मला, लिहिलेलं न वाचता सही करणारा मास्तर म्हणालात, आणि ते मला फार लागलं. साळूआत्या मधेच फरशीवर बसली. "नाय धाडत तं नाय. आमी हितंच बसतो." तिच्या मागे सगळे बसले. मग नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी पहिला अध्याय तोंडपाठ म्हणायला लागलो. बाहेरून मृदंगाची थाप आली. कोपऱ्यात भिंग घेऊन बसलेला एक अभ्यासक ते भिंग डोळ्याला तसंच लावून आमच्याकडे बघत राहिला. तुमचे मुख्य ग्रंथपाल धावत आले, हे काय चाललंय म्हणून. घटकाभरापूर्वी मला बाहेर काढायला निघालेल्या तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, "सर, वाचक आहेत. वाचन चाललंय."

विहीणबाई, मी तेव्हा ओवी म्हणता म्हणता तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा रागीटच होता. पण मला कळलं की हे घर वाईट नाही.

वाट तुम्हीच शोधलीत. वस्तू प्रदर्शनासाठी बाहेर नेता येते, विभागाचा अधिकारी सोबत असला की झालं. मग दर श्रावणात सप्ताहापुरतं आमचं देऊळ म्हणजे विद्यापीठाचं प्रदर्शन ठरलं, आणि पोथीला घेऊन तुम्ही आमच्या ओटीवर मुक्कामाला यायला लागलात. लेकीबरोबर दर वेळी विहीणही माहेरपणाला येते असं घर मी दुसरं बघितलेलं नाही. तुम्ही देवळाच्या खांबाला पाटी लावलीत, "दुर्मिळ हस्तलिखित. हात लावू नये." दुसऱ्या दिवशी त्या पाटीला हार घातलेला होता आणि खाली कोणीतरी नारळ फोडला होता. पोथीला हात लावायचा नाही, तर लोकांनी पाटीला लावला. तुम्ही डोक्याला हात लावलात.

हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतंत. ते देवळात ठेवलं तर काटा सरळ शेवटाला जाऊन टेकला. तुम्ही ते हलवून बघितलंत, पुसून बघितलंत, बाहेर नेऊन परत आणलंत. बाळाराम पायरीवर बसून बघत होता. "बाय, त्याला आधी मुंबईची सवय हाय. जरा ऱ्हाऊ द्या," असं त्याने समजुतीने सांगितलं. तुम्हाला रडू येईल असं वाटलं मला. मग तुम्ही भराभर हुकूम सोडायला लागलात. निरांजन खांबापलीकडे. धूप देवळाबाहेर. वाचणाऱ्याने तंबाखू थुंकून, चूळ भरून, हात साबणाने धुऊन, पुसून, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून मग पानाला हात लावायचा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची माझ्या वाडवडिलांपासूनची रीत. पहिल्या दिवशी बोट तोंडाकडे गेलं आणि तुम्ही भर सभेत "मास्तर!" म्हणून ओरडलात. शाळेत इतकी वर्षं मी मुलांवर ओरडलो. माझ्यावर कोणी तसं ओरडलं नव्हतं.

पण खरा दंगा झाला तो हळदी-कुंकवावरून.

पोथी माहेरी आली म्हणजे बायका तिला हळद-कुंकू लावणार, यात विचारायचं काय होतं? त्या ताट घेऊन आल्या. तुम्ही आडव्या आलात. कागदाला काही लागता कामा नये. बासनाला? नाही. फळीला? नाही. तुम्ही पिशवीतून पोथीची छापील नक्कल काढून पुढे केलीत आणि म्हणालात, हिला हवं तेवढं लावा. बायकांनी त्या कागदांकडे असं बघितलं की तुम्हीच ते परत पिशवीत घातलेत. कुंकवाचं बोट वर धरून अनुसया तशीच उभी. मग ती तुम्हाला म्हणाली, "पोथीला नाय, कापडाला नाय. मंग लावू कुनाला? तिच्या संगं तुमी आलाव. तुमालाच लावते."

"मला नको," तुम्ही म्हणालात. "मला चालत नाही. माझे मिस्टर..."

पुढे तुम्ही बोललाच नाहीत. सगळ्यांना कळलं. दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. मला वाटलं आता अनुसया ताट खाली ठेवील. ती म्हणाली, "तुमचं कुठं लावतोय? लेकीचं तुमच्या कपाळावर ठेवतोय. उभ्या ऱ्हावा गुमान." आणि लावलं. मग एकेक करून सगळ्या आल्या. साळूआत्या शेवटी आली आणि तिने लावून तुमच्या तोंडावरून हात फिरवला. तुम्ही डोळे मिटून उभ्या होतात. मी खांबाआड गेलो, कारण मला काय करावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कपाळावर पुरळ उठलं. लालभडक, खाज सुटलेली. अनुसया ओशाळली, कोरफड घेऊन धावली. तुम्ही? तुम्ही ते कपाळ घेऊन सबंध गावात मिरवलात. "बघा! कातडीचं हे होतं, तर कागदाचं काय होत असेल!" घरोघरी जाऊन दाखवलंत. वर्षभर ज्या पुराव्याच्या शोधात होतात तो तुम्हाला स्वतःच्या कपाळावर सापडला. पुढच्या श्रावणात आलात त्या घरी केलेल्या हळदीचं कुंकू डबीत घेऊन आलात आणि अनुसयेच्या हातात दिलंत, की लावायचंच तर हे लाव. म्हणजे लावून घ्यायचं होतंच ना, विहीणबाई? मी हे तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही डबी परत घेतली असती.

आपलं एक भांडण तसंच राहून गेलं. पोथीच्या मधल्या एका पानावर कुंकवाचा अंगठा उमटलेला आहे. तो माझ्या आजीचा. सप्ताहात माझे आजोबा त्या पानावर आले की ती उठून पुढे जायची आणि तिथे कुंकवाचा अंगठा टेकायची, कारण त्या ओव्यांत देवी नांगर धरणाऱ्याच्या बायकोला लेकरू देते. तिला बरीच वर्षं मूल नव्हतं. पुढे माझे वडील झाले. त्या कुंकवाने खालची शाई खाल्ली आहे, दोन शब्द गेले आहेत, हे तुमचं म्हणणं मी कधी नाकारलं नाही. तुम्ही म्हणायचात, हा डाग आहे, जाणकाराकडून हलक्या हाताने काढून घेता येईल. मी म्हणायचो, ती आजी आहे. तुम्ही म्हणायचात, आजीच्या खाली शब्द आहेत. मी म्हणायचो, शब्द मला पाठ आहेत, आजी पाठ नाही. दर वर्षी तेच. एकदा तुम्ही चिडून अर्धी भाकरी ताटात टाकून उठलात, आणि अनुसयेने मला धुतलं की विहीण उपाशी उठवलीत.

या वर्षी त्या पानाशी आलो तर त्यावर पातळ, पारदर्शक कागदाचा एक तुकडा ठेवलेला. आधी नव्हता. अंगठ्यापुरताच कापलेला. आता मी काय समजायचं? हा डाग पुढच्या पानाला लागू नये म्हणून ठेवलात, की पुढच्या पानाने त्याला घासू नये म्हणून? तुम्ही असतात तर मी दुसरंच खरं धरून तुम्हाला छळलं असतं आणि तुम्ही पहिलंच खरं म्हणून ठासून सांगितलं असतंत. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो आहे आणि त्यात काही मजा नाही.

मजा आली होती ती माझा घसा बसला त्या वर्षी. पाचव्या दिवशी आवाज फुटेना. मान आमच्या घरचा, मुलगा दुबईला, बाळारामला अक्षर लागत नाही. लोक खोळंबले. तुम्ही उठलात, हात धुतलेत, पुसलेत, पुन्हा पुसलेत, आणि माझ्या जागी बसलात. वाचलंत ते असं की जणू कोणी सरकारी आदेश वाचून दाखवतो आहे. ना चाल, ना ठेका. मृदंगवाला हवालदिल झाला. आणि पान उलटलं की सवयीने म्हणायचात, "पत्र अठरा, मागची बाजू." लोकांना वाटलं पोथीतलंच आहे. सगळं देऊळ एका आवाजात, "जय देवी!" तुम्ही दचकलात. पुढचं पान आलं, "पत्र एकोणीस, पुढची बाजू." "जय देवी!" तिसऱ्या पानाला तुम्ही थोड्या थांबलात आणि मग मुद्दाम मोठ्याने म्हणालात. हो, मुद्दाम. मी जवळच बसलो होतो, मला तुमच्या तोंडावर हसू दिसलं. साळूआत्या अजून म्हणते, बाईंचं वाचन साधं, पण त्यात जय जास्त होते.

मी तुमचं वाचन ऐकून तोंड वाकडं केलं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पोथी पहिल्यांदा नीट कळली. आयुष्यभर मी माझा आवाजच ऐकत आलो होतो. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमची बातमी आली तशी गावात सभा बसली. बाळाराम आता गावकीचा म्होरक्या आहे. तो म्हणाला, दानपत्रावर सह्या असतील, पण पोथी आपण बाईंच्या हातात दिली होती. बाई नाय, तं पोथी तिथं कशाला? या श्रावणात आली की ठेवून घ्यायची. लोखंडी कपाट आणू, वाळवीचं औषध मारू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गेली इतकी वर्षं मी तुम्हाला तोंडावर सांगत आलो की पोथी गावाची आहे आणि एक दिवस तिला ठेवून घेणार. तो दिवस आला तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

तुमच्या जागी साहेब आले आहेत. सज्जन गृहस्थ. त्यांना जुन्या कागदाने शिंका येतात, हे त्यांचं दुर्दैव. सप्ताहभर ते तोंडाला रुमाल बांधून कोपऱ्यात बसले. मला ते "देणगीदार" म्हणून हाक मारायचे. व्याही म्हणावं तर त्यांना काय कळणार, आणि कळलं तरी मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बायकांनी ताट आणलं आणि त्या थोडा वेळ उभ्या राहून ते तसंच परत घेऊन गेल्या. त्यांच्याकडे बघवलं नाही.

आज समाप्ती झाली. प्रसाद झाला, टेम्पो देवळासमोर येऊन उभा राहिला. साहेबांनी पोथी खोक्यात ठेवली आणि बाळाराम दारात आडवा उभा राहिला. "साहेब, तुमचा काय दोष नाय. पन पोथी आता हितंच ऱ्हानार." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पोथीवाला मास्तर मी, माझ्या एका शब्दावर होतं. ठेवा म्हटलं असतं तर त्या बिचाऱ्या माणसाने शिंकत-शिंकत रिकामा टेम्पो नेला असता आणि वर विद्यापीठात कोणी काही केलं असतं असं मला वाटत नाही.

मी खोक्याकडे बघितलं. देवळाच्या भिंतीला वर छपरापर्यंत ओल आलेली आहे, ती बघितली. लोखंडी कपाट कुठे ठेवणार ते मनात बघितलं. आणि म्हणालो, "पोथी जाईल."

गलका झाला. बाळाराम माझ्यावर आला. "जाईल? कुनाच्या भरवशावर रे दादा? ते यंत्राचं घर. आपल्यातलं कोन हाय तिथं? तिला बघनारं कोन हाय?"

मलाही राग आला. रागाच्या भरात मी दर वर्षी त्याला जे सांगतो तेच सांगितलं, "अरे कोन म्हनजे? विहीणबाई हायत ना!"

तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं. कोणी हसलं नाही, कोणी चूक दाखवली नाही. अनुसया माझ्याकडे बघत राहिली. बाळाराम माझ्यापुढे उभा होता, त्याची मान हळूहळू खाली गेली. मग तो वाकला, साहेबांना बाजूला सारून त्याने खोका दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून पायऱ्या उतरला.

"मंग चला लवकर," तो पाठमोराच म्हणाला. "त्यांना उशीर केलेला आवडत नाय."

विहीणबाई, टेम्पो सुटेपर्यंत मी देवळाच्या पायरीवर बसून रडत होतो, आणि पोथी निघाली आहे.